पंगतीत विचारलेला प्रश्न

पुंडलिक गेल्याचा फोन त्याच्या पुतण्यानं केला, आणि मी चप्पल शोधेपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णासाहेबांची श्रद्धांजली येऊनही पडली. फुलांची चौकट, जोडलेले हात, खाली ‘आणीबाणीच्या काळ्या पर्वाचा साक्षीदार हरपला’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काळ्या पर्वात हेच गृहस्थ आमचे ग्रामसेवक होते आणि नसबंदीचा कोटा भरायला माणसं जीपमध्ये कोंबत होते.

पुंडलिक माझा शाळेपासूनचा मित्र. तेव्हा त्याचं नवंच लग्न झालं होतं. चिखलीच्या बाजाराला निघालेला असताना त्याला भर रस्त्यात धरलं, शिबिरात नेऊन कापलं आणि हातात बक्षिसाचा तुपाचा डबा देऊन परत आणून टाकलं. गावाला डबा बरोब्बर दिसला, जीप मात्र कुणालाच दिसली नाही. डब्यापायी स्वतःहून गेला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं... आणि त्याच्या बायकोला, गंगावहिनींना, वांझ म्हणून कुणी बारशाला बोलावीना.

आणीबाणी उठली, सरकार पडलं, नवी सरकारं आली. अण्णासाहेब प्रत्येकात तरंगले, एवढंच नव्हे तर आणीबाणीविरोधी सत्कार समारंभांचे कायमचे अध्यक्ष झाले! तुरुंगात गेलेल्यांना शाली मिळाल्या, मानधन मिळालं. मिळायलाच हवं होतं. पुंडलिक तालुक्याला विचारायला गेला तर तिथले साहेब म्हणाले, तुम्ही पीडित नाही, कुटुंबकल्याण योजनेचे लाभार्थी आहात. काय बोलणार अशा माणसांशी? दर ग्रामसभेत पुंडलिक उठून उभा राहायचा. “मले पैसे नाई पाह्यजेत. ज्यानं पाह्यलं त्यानं उभं राहून सांगावं, याले धरून नेलं होतं म्हणून. बस.” लोक घड्याळं बघायचे, कुणी हसायचं, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळायची.

तेरवीला अण्णासाहेब पांढऱ्या कपड्यांत येऊन पहिल्या पानावर बसले. वहिनी भात वाढत त्यांच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

“अण्णासाहेब, एक सांगा अन् मंग जेवा. माह्या मालकाले तुमी धरून नेलं, का तो आपल्या पायानं आला होता?”

“बाई, आजच्या दिवशी जुनं काऊन उकरून राह्यली?”

वहिनी हातात भाताचं भांडं घेऊन तशाच उभ्या. अण्णासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पान सरकवलं आणि न जेवता निघून गेले. एवढी वर्षं भाषणं ठोकणाऱ्या माणसाला एक ‘हो, नेलं’ म्हणणं जड गेलं. मग समोरच्या रांगेतला म्हातारा सखाराम बुंदी चावत म्हणाला, “धरूनच नेलं होतं. जीपीत चौघांनी कोंबलं. मी होतो ना तिथं.” दोघातिघांनी माना डोलावल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! पुंडलिक मरेपर्यंत या लोकांनी ते गिळून ठेवलं आणि त्याच्याच तेरवीच्या जेवणावर बाहेर काढलं.

“सखारामभाऊ,” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “हेच ग्रामसभेत सांगा.”

“हाव, सांगतो की,” म्हणत त्यानं वरण मागून घेतलं.

परवा ग्रामसभा झाली. सखारामच्या तब्येतीचं निमित्त आलं. मी त्याला सकाळीच पानठेल्यावर खिदळताना पाहिलं होतं. सभा संपली, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. खिडकीखाली पुंडलिक बसायचा, तिथं वहिनी बसल्या होत्या. शिपाई म्हणाला, “काकू, उठा, कुलूप लावतो.”

वहिनी हलल्या नाहीत. “सखारामभाऊले बोलावून आण,” त्या म्हणाल्या. “मी बसली हाये.”