सुमनताईंनी तपासलेली प्रश्नावली

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इगतपुरीला मानसिक आरोग्य तपासणीच्या शिबिरात होते. समोरच्या बाईंना थांबायला सांगून व्हरांड्यात जाऊन फोन घेतला आणि परत आत येऊन त्यांचं बोलणं पुरं ऐकून घेतलं. अर्धवट सोडून निघाले असते तर ताई रागावल्या असत्या… त्याला आता महिना होईल.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या एका दवाखान्यात त्या मानसतज्ज्ञ होत्या आणि मी नवखी समाजसेविका. नैराश्य ओळखायला इंग्रजीवरून केलेली एक छापील प्रश्नावली आम्ही वापरायचो. उत्तरांना गुण द्यायचे, बेरीज करायची. ती ठरावीक आकड्याच्या वर गेली तर डॉक्टरांकडे, नाहीतर घरी. एकदा पिंपळगावहून द्राक्षं पॅक करणाऱ्या कमलबाई आल्या. मी वाचलं, "आवडत्या गोष्टींत रस वाटतो का?" त्या गोंधळल्या. "आवडीचं काय बाई? काम असतं." "उदास वाटतं?" "नाय." बेरीज कमी आली. 'नैराश्य नाही' असं लिहून मी त्यांना परत पाठवलं.

संध्याकाळी ताईंनी तो कागद पाहिला. "मग दिवसाचा रोज बुडवून ही बाई एवढ्या लांब आली कशाला?" दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्यांनी एसटीने पिंपळगाव गाठलं. कमलबाईंच्या ओट्यावर बसल्यावर त्यांनी कागद काढलाच नाही. इकडचं तिकडचं बोलता बोलता कमलबाई एकदम म्हणाल्या, "हातात घड धरला की तशीच बसून राहते. लय दिस झाले. हिरीवर जायाचं भ्याव वाटतं मला… माझंच." विहिरीत जीव द्यायचं त्यांच्या मनात येत होतं, आणि मी त्यांना घरी पाठवलं होतं. ताई त्यांना परतीच्या एसटीने सोबत घेऊन आल्या. उपचार बरेच महिने चालले, पण कमलबाई बऱ्या झाल्या.

त्यानंतर ताईंनी हे धसासच लावलं. बंगल्यांतली, वस्त्यांतली, बौद्ध वसाहतींतली, मळ्यांतली माणसं गाठायची. आमच्यापैकी एकाने प्रश्नावली भरायची, दुसऱ्याने बेरीज न बघता निवांत बोलायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं. शिकलेल्या नोकरदारांत दोन्ही बहुतेक जुळायचं. मजुरांत मात्र दोन्हीकडून चुकायचं. कुणाचं दुखणं निसटून जायचं, तर कुणाचा नुसता कामाचा शीण आजार म्हणून मोजला जायचा. आमचे साहेब वैतागले. "प्रमाणित प्रश्नावली आहे, मॅडम. सगळ्यांना सारखीच."

"कागद सारखाच आहे, सर," ताई म्हणाल्या. "तो सगळ्यांना सारखं मोजतो का, एवढंच बघतेय."

सुट्ट्या घालवून हे त्यांनी कित्येक वर्षं केलं. या सगळ्याचा वर पाठवलेला अहवाल दोनदा परत आला. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिला. निवृत्तीच्या जरा आधी तो मान्य झाला. प्रश्न लोकांच्या बोलीत आले आणि नुसत्या बेरजेवर कुणालाही घरी पाठवायचं नाही, असं ठरलं.

त्यांच्या खोलीत आता मी बसते. बेरीज झाली की ताई पेनाला टोपण लावायच्या, खुर्ची थोडी पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "माझं काय विचारायचं राहिलं?" परवा माझ्याही नकळत मी टोपण लावलं आणि तेच विचारलं. समोर बसलेले गवंडीकाम करणारे काका डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवत बोलू लागले.