शेवटच्या बांधीच्या विहीणबाई

पृथ्वी देवाने निर्माण केली असेल, पण ती जागच्या जागी राखण्याचं काम त्याने आमच्या विहीणबाईंकडे सोपवलं आहे, असं माझं बऱ्याच वर्षांपासूनचं मत आहे. निदान अड्याळकडच्या एका तलावाखालच्या पृथ्वीपुरतं तरी हे मत कोणी खोडून दाखवावं. विहीणबाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या सासूबाई, आणि यंदापर्यंत तिथल्या गावच्या सरपंच. उंची बेताची, साडी कायम पोटरीपर्यंत खोचलेली, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला त्या कोणाला रागावल्या तर त्या टोकाचा माणूस उगीचच हातातली बिडी विझवतो. यजमान लवकर गेले. एकुलती एक मुलगी, ती माझ्या भावाशी लग्न करून पुण्याला गेली. मागे राहिल्या त्या दोन बांध्या. आमच्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. तलावाचं पाणी एका बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं, आणि अगदी शेवटी, सगळ्यांचं पोट भरल्यावर, विहीणबाईंच्या बांध्यांत पोचतं. माझं भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. मला घागरीला आलेला पोचा दुरून दिसतो. जमिनीला आलेला पोचा दिसायला लागला तो या बाईंमुळे.

त्यांची माझी पहिली भेट लग्नाच्या बोलणीची. आमची आई सकाळपासून पोह्यांच्या काळजीत होती. विहीणबाई आल्या, पाणी प्यायल्या, नवऱ्या मुलाकडे एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "शेत कुठं हाये?" शहराबाहेर आमचा वडिलोपार्जित तुकडा आहे, ठेक्याने दिलेला. घरातलं कोणी तिकडे वर्षानुवर्षं फिरकलेलं नव्हतं. तो कुठे आहे हे मला शेजाऱ्याला विचारावं लागलं. विहीणबाई पोहे तसेच ठेवून निघाल्या, आम्ही मागे. शेतात त्या चारी बाजूंनी फिरल्या, एका ठिकाणी टाच रोवून बघितली, ढेकूळ उचलून वास घेतला आणि आईकडे वळल्या. "पोरगा बरा हाये, इवाईनबाई. पण धुरा मारून टाकला तुम्ही." लग्न ठरलं, मात्र एका अटीवर: हळदीच्या आधी धुरा बांधून झाला पाहिजे. हळद लागण्याआधी चिखल लागलेला नवरदेव आमच्या घराण्यात तो एकच. भाऊ कंपनीत मोठा साहेब झाला तरी घरातल्या भांडणात बायको अजून त्याला त्या धुऱ्याची आठवण करून देते.

माणसांच्या तब्येतीची चौकशी करणं त्यांना फारसं जमत नाही. फोनवर पहिला प्रश्न "काय म्हणते तुमची बांधी?" हाच. रोज सकाळी त्या आम्हा सगळ्यांना तलावाच्या पाण्याचा फोटो पाठवतात. फोटोत अर्धं पाणी आणि अर्धा त्यांचा अंगठा असतो, पण पाणी कालच्यापेक्षा किती उतरलं हे त्या अंगठ्याच्या मापाने पुण्यातली माझी भावजय बरोबर सांगते. रस्त्याने चालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. धुऱ्यावरून जाता येत असेल तर दुप्पट अंतर पडलं तरी त्या धुऱ्यावरूनच जातात, आणि जाताना पायाने ढासळलेली माती दाबत जातात. सरपंच झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्या गावाच्या धुऱ्यांवर तूर लावून घेतली. शेजारी दरवर्षी फावड्याने धुरा थोडा थोडा खरडतो हे दुखणं जुनं आहे. तूर उभी असली की खरडणाऱ्याचा हात थबकतो, आणि वरून डाळ मिळते ती वेगळी.

ग्रामसभा विहीणबाई शेतात घेत. लोक धुऱ्यावर रांगेने बसत, आणि ज्याला विरोध करायचा असेल त्याने बांधीत उतरून करायचा, हा त्यांचा नियम. "चिखलात उभा राहून जो बोलते तो फालतू बोलत नाही," हे त्याचं कारण. या नियमामुळे त्या गावातल्या ग्रामसभा जिल्ह्यात सगळ्यात लवकर संपत. ग्रामसेवक सुरुवातीला बदलीसाठी अर्ज करायच्या विचारात होते. पुढे त्यांनी गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले आणि आता तेच इतर गावांच्या ग्रामसेवकांना सांगतात की बंद खोलीत ठरावाला जीव येत नाही. अशाच एका सभेत पंचायतीने आणि तलावाखालच्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवून टाकलं: शेताची वरची माती वीटभट्टीला द्यायची नाही, पावसाआधी सगळ्यांचे धुरे रोजगार हमीच्या कामातून दुरुस्त करायचे, आणि कोणाला जमीन विकावीच लागली तर आधी गावाला सांगायचं.

तरीही एकाने माती विकली. ट्रॉली भरून निघाली तेव्हा विहीणबाई रस्त्यात उभ्या राहिल्या नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्या मागून चढल्या आणि मातीच्या ढिगावर मांडी घालून बसल्या. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, उतरतील. त्या भट्टीपर्यंत गेल्या. तिथे भट्टीवाला हात जोडून म्हणाला, "बाई, उतरा ना." त्या म्हणाल्या, "मी या मातीसंगं आली. हे जिथं जाईल तिथं मी जाईन. टाका मले बी भट्टीत." दुपार कलली तरी बाई हलेनात. शेवटी ट्रॉली तशीच परत आली आणि त्या ढिगावर बसून, वरातीतल्या नवरीसारख्या दोन्ही बाजूंना हात करत गावात शिरल्या. हे मी ऐकलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी गल्ल्यावर बसून एकटाच हसलो. आणि मग हसू थांबलं, कारण मातीसाठी असं बसायची हिंमत माझ्यात किती, हे मला ठाऊक होतं.

पण मी त्यांना मनातून हात जोडले ते लेआउटच्या प्रकरणात. तलाव आणि विहीणबाईंची बांधी यांच्या बरोबर मधली जमीन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. तो वारला, बाहेरगावी असलेल्या मुलाने गावाला न सांगता ती विकली. घेणारा नागपूरकडचा प्लॉट पाडणारा, मऊ बोलणारा, सगळ्यांना "मॅडम, मॅडम" करणारा गृहस्थ. उन्हाळ्यात जेसीबी आला, आतले-बाहेरचे सगळे धुरे मोडून जमीन सपाट झाली, पांढरे रंगवलेले दगड रोवले गेले आणि कारंज्याचं चित्र असलेला फलक लागला. आता वर मुरूम पडला की खालच्या सगळ्या बांध्यांचं पाणी कायमचं तुटणार होतं. पंचायतीने आणि खालच्या शेतकऱ्यांनी तहसीलमध्ये हरकत घेतली. जागेवर येऊन मौका तपासणी होईपर्यंत दोन्ही बाजूंनी त्या जमिनीला हात लावायचा नाही, असं ठरलं. विहीणबाईंनी तसा शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे त्या भागात रजिस्ट्रीच.

मग रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आली. रोवणा संपल्यावर बायकांना जेवण घालायची विहीणबाईंची पद्धत आहे, त्यासाठी त्यांनी माझ्याकडून पितळेचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, मागवला होता, तो घेऊन मी त्या दिवशी गेलो. पंचायतीने तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं होतं, पाणी बांधीबांधीतून उतरत होतं. मधल्या जमिनीला लागून असलेल्या बांधीत बायका ओणव्या होऊन, गाणं म्हणत, एक एक पाऊल मागे सरकत धान लावत होत्या आणि त्यांच्यात सरपंचही होत्या. रोवणारी बाई मागे बघत नाही. टाचेला धुरा लागला की बांधी संपली, हे तिला टाच सांगते. गाणं चांगलं लांबलं होतं. दुपारी भाकरीसाठी सगळ्यांनी कंबर सरळ केली, आणि गाणं एकदम बंद पडलं. सगळीकडे पांढरे दगड, आणि त्या दगडांच्या मधून ओळीने लावलेलं हिरवंगार धान. एक जण हळूच म्हणाली, "बाई, हे तं लेआउट हाये."

विहीणबाईंचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. शब्द दिला होता, आणि मोडला होता त्यांच्याच हातांनी. आता तो माणूस अतिक्रमणाची तक्रार करणार, बायकांवर केस होणार, आणि हरकत फेटाळली जाणार, हे माझ्यासारख्या भांडीवाल्यालाही कळत होतं. कोणीतरी म्हणालं, "उपटून टाकू का? कोणी पाहिलं नाही." मला ते पटलंही. विहीणबाई म्हणाल्या, "लागलेला धान उपटाचा नाही. आन् झालेली गोष्ट लपवाची नाही." ओल्या हातांनीच त्यांनी फोन घेतला आणि तलाठी मॅडमना सांगितलं, "मॅडम, माह्याकडून मोठी चूक झाली. साहेबाले घेऊन या. त्या लेआउटवाल्याले बी बोलवा."

दोन-तीन दिवसांनी तलाठी मॅडम, नायब तहसीलदार, प्लॉटवाला, सगळे जमले. "साक्षीले या, इवाई," असं मला, म्हणजे त्यांच्या व्याह्याला, फर्मान आल्यामुळे मीही. प्लॉटवाला हसून म्हणाला, "साहेब, मला काही बोलायची गरजच नाही. माझ्या जागेत यांनी परवानगीशिवाय पीक लावलं. मॅडम स्वतःच कबूल करतात."

"कबूल हाये," विहीणबाई म्हणाल्या. "लिहून घ्या साहेब. बायकाइची चूक नाही, पुढं मी होती. मी उलटी चालून राहिली होती. धुरा असता तं टाचेले लागला असता. लागला नाही, मी थांबली नाही."

नायब तहसीलदार तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, "पण सुकी जमीन होती ना ही? इथे पाणी कोणी सोडलं?"

"कोणी नाही सोडलं," विहीणबाई म्हणाल्या. "तुडुम तं तिकडं उघडलं. पाणी आपलं आलं. त्याले कोणी सांगतलं नाही ना, का आता इथं प्लॉट हायेत म्हणून."

साहेबांनी बूट काढून हातात घेतले आणि पाण्याबरोबर चालायला लागले. तलाठी मॅडम नकाशा धरून बाजूला, मागे ग्रामसेवक, त्यांच्या मागे प्लॉटवाला पँट सावरत, आणि सगळ्यात शेवटी, पाय न भिजवता काठाकाठाने, मी. मधल्या जमिनीतून पाणी खालच्या बांधीत, तिथून पुढच्या, तिथून पुढच्या. प्रत्येक बांधीचा शेतकरी आपापल्या धुऱ्यावर उभा. शेवटी पाणी विहीणबाईंच्या बांधीत येऊन थांबलं आणि साहेबही थांबले. पंचनामा त्यांनी तिथेच लिहिला. त्यात चूकही लिहिली, जशी सांगितली तशी, आणि पाण्याची वाटही लिहिली, जशी दिसली तशी. लपवालपव केली असती, धान उपटलं असतं, तर ती वाट इतकी स्वच्छ दिसली नसती. एवढी मोठी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

लेआउटला परवानगी मिळाली नाही. पाण्याची वाट मोकळी ठेवायची, धुरे पूर्ववत करायचे असा आदेश झाला, आणि धुरे गावानेच बांधून दिले. त्या जमिनीत झालेलं धान कापून, मळून, विहीणबाईंनी पोत्यांत भरलं आणि प्लॉटवाल्याच्या घरी पोचतं केलं. "जागा तुमची, पीक तुमचं," असं सांगून त्या पाणीही न पिता परतल्या. पुढच्या हंगामापासून त्याने जमीन खालच्याच शेतकऱ्यांना ठेक्याने दिली. पण सातबाऱ्यावर नाव अजून त्याचंच आहे, आणि संधीची वाट बघत थांबणं त्याला परवडतं.

विहीणबाईंची सरपंचकी यंदा संपली. गुडघे गेले आहेत, त्यामुळे रोवण्यात त्या ओणव्या होत नाहीत, धुऱ्यावर बसून असतात. मागच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हाही तिथेच होत्या. शेजारी बसलो. पाणी नुकतंच त्यांच्या बांधीत उतरायला लागलं होतं. ते बघत त्या म्हणाल्या, "इवाई, एक खरं सांगा. साऱ्याइची बांधी वाचवली मी. माह्या मागं माही बांधी कोण करन? पोरगी म्हणते, आई विक आन् इकडं ये. ते वाईट नाही म्हणत. ते तरी काय करन तिकून?"

मी म्हणालो, "नाही विकणार ती."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे त्या रागाने बघतात; तेव्हा मायेने बघितलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मला रडू आलं हे मी कबूल करतो. समोर धुऱ्याला एके ठिकाणी भगदाड पडलं होतं आणि तिथून पाणी नाल्याकडे निघून चाललं होतं. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि आयुष्यात पहिल्यांदा बांधीत उतरलो. ढेकूळ उचलून भगदाडात ठेवलं. ते वाहून गेलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं.

"तसं नाही," त्या धुऱ्यावरून म्हणाल्या. "आंधी गवत टाका, मंग माती. आन् टाचेनं दाबा."

मी गवत टाकलं, त्यावर माती टाकली आणि टाचेने दाबली. पाणी थांबलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या सालीबी याल ना?"