बंद व्हॉल्व्ह, चालू हीटर

तापलेल्या रबराचा वास आला की मला चेन्नईजवळच्या अंबत्तूरची ती शेड आठवते. शर्यतीच्या गाडीला जादा जोर देणाऱ्या नायट्रस गॅसची बाटली डिकीत बसवली होती आणि तिला ऊब देणाऱ्या रबरी पट्ट्याच्या हीटरचं वायरिंग माझ्याकडे होतं. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर मी. फ्यूज, रिले, दाब पुरेसा झाला की हीटर बंद करणारा स्विच, सगळं पुस्तकाबरहुकूम जोडलं आणि बटण दाबून चहाकडे वळलो. म्हाताऱ्या मेस्त्रींनी सहज बाटलीवर तळहात ठेवला आणि झटकन बटण बंद केलं. "तंबी, बाटलीचा व्हॉल्व्ह बंद आहे, आणि तुझा स्विच त्याच्या पुढे, नळीवर. आत दाब वाढतोय हे त्याला कोण सांगणार, तुझं सर्टिफिकेट?" बाटली फुटली असती तर शेडमध्ये काम करणारे आम्ही चौघंही हाताच्या अंतरावर होतो. तेवढ्यात मालक आले आणि काम का थांबलं म्हणून विचारू लागले. मेस्त्री म्हणाले, "सार, स्विच व्हॉल्व्हच्या अलीकडे घेतोय, बाटलीचा दाब थेट कळेल असा. तासभर लागेल." माझी चूक त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. म्हणून आता ती मीच सांगतो, माझ्या हाताखाली रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला, पहिल्याच दिवशी.