पंगतीत वाजलेला फोन

रोह्याजवळच्या वरसे गावचा काळुराम धाटावच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्या आयुष्यात मिजास एकच: भर पंगतीतून फोनवर उठायचं. "सर्व्हरची डिस्क भरली, गेटवर गाड्या अडकल्यात," असं चार माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं आणि पानातली जिलेबी तशीच टाकून निघायचं.

भानगड साधी होती. डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये उतरतो. तिचा बॅकअप घेतला की आतली जागा मोकळी होते. नाही घेतला तर ती फुगत फुगत अख्खी डिस्क गिळते, मग गेटपास छापले जात नाहीत आणि मालाच्या गाड्या गेटवरच अडकतात. काळुराम मुद्दाम ती फुगल्यावरच बॅकअप घ्यायचा. आधीच काम उरकलं तर कळणार कुणाला?

मग पेणच्या रामवाडीचा मितेश कामाला लागला. पोरगा हसतमुख, आणि काळुरामला त्याचाच राग जास्त. मितेशनं दर तासाला बॅकअप आपोआप होईल अशी सोय केली आणि काळुरामचा फोन मुका झाला. साहेब उठताबसता "मितेश, मितेश" करू लागले. काळुराम आतल्या आत जळत राहिला.

मितेशच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी काळुरामनं ती सोय गुपचूप बंद केली. भरू दे डिस्क! नवरा मुलगा पाटावर बसलेला असेल, मग साहेबांना मीच आठवेन.

रामवाडीत पंगत बसली. काळुरामनं आवाज मोठा करून फोन पानाशेजारी ठेवला. वरणभात संपला, जिलेबी आली आणि फोन वाजला. मितेशचा.

"लॉग भरलाय, साहेब? माझंच कायतरी राहिलं असंल," मितेश म्हणाला. मग त्याची नजर पंगतीकडे गेली. "काळुरामभाऊ हायत की इथं! भाऊ, बघता का जरा?"

काळुराम उठून हात धुऊन आला. मितेशच्याच लॅपटॉपवर, सगळ्यांदेखत, त्यानं बॅकअप घेतला आणि स्वतः बंद केलेली सोय स्वतःच चालू केली. गाड्या सुटल्या.

स्पीकरवर साहेब खूश होते. "शाब्बास मितेश! साखरपुड्यातसुद्धा काम!"

"मी नाय साहेब, भाऊंनी केलं."

"हो का? बरं," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

काळुराम पानावर परत बसला. शेजारून बायको अनितानं हळूच विचारलं, "अवो, तुमचा फोन बंद हाय काय?"

"चालू हाय," काळुराम म्हणाला आणि त्यानं तो खिशात घातला.