गिरजाआत्यानं घेतलेलं नाव

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात, सासरच्या स्वयंपाकघरात होते. माझा चेहरा बघून सासूबाईंनी काही न विचारता गॅस बंद केला. मुकुंदवाडीला माहेरी पोचले तर गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, आणि गिरजाआत्यानं बांधून दिलेला एकतरी उखाणा प्रत्येकीकडं होता...

सिल्लोडकडच्या डोंगरात मेंढरांमागं वाढलेली माझी आत्या शाळेत कधी गेली नाही. तिची सगळी कविता उखाण्यातच. स्वतःच्या लग्नात, नाव घे म्हटल्यावर, मान खाली न घालता ती म्हणाली होती, "मेंढरं उतरली डोंगर, खुरांनी उडाली माती, सखारामांनी वळून पाह्यलं, धडधडली छाती." म्हातारी माणसं म्हणे पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेली. सखाराम लवकर वारले, आत्या आमच्याकडं राहायला आली आणि नाव घेणं संपलं, कारण विधवेनं ते घ्यायचं नसतं. पण दुसऱ्यांना ती बांधून देत राहिली. लग्न ठरलेल्या पोरीला समोर बसवून विचारायची, त्याचं काय आवडलं, पगार सोडून सांग. पोरगी लाजत काहीतरी पुटपुटायची आणि आत्या त्यातून मक्याचं कणीस, चिमण्या, विहिरीचं पाणी काढायची.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे, माझ्या लग्नात तर जरा जास्तच होता. नावं घ्यायला सुरुवात झाली, आमच्याकडच्या बायका आत्याचेच उखाणे म्हणत होत्या आणि ती मागं भिंतीला टेकून नुसते ओठ हलवत होती. मला राहवेना. मी माइकवर म्हणाले, "आत्या, आता तू." आईनं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. सासूबाई वडिलांकडं बघून म्हणाल्या, "शुभकार्यात असलं चालत नाय आमच्यात." वडील हात जोडायच्या बेतात... वाटलं, आता इथंच मोडतंय सगळं. आत्या मात्र उठली होती. कुणी वाट दिली नाही, तशीच खुर्च्यांमधून पुढं आली, पदर सारखा केला.

"बाभळीच्या काट्यात पिवळं फूल हासतं,
गिरजा नाव माझं, मलाच घ्यायचं असतं."

टाळी एकही पडली नाही. आत्या परत मागं गेली नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. लग्न पार पडलं. सासूबाई मात्र पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि मी त्या दोघींच्या मध्ये जपून वावरत राहिले.

मागच्या वर्षी सासरे गेले. आता आत्याही नाही, आणि नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. आजीनं, म्हणजे सासूबाईंनी, मागच्या खोलीत बसायचं की पुढं, यावर घरात कुणी बोलत नाही, सगळे नुसते सांभाळून वागतात. काल स्वयंपाकघरात शिरले तर सासूबाई मेथी निवडता निवडता काहीतरी म्हणत होत्या. मला बघून थांबल्या. मी भांडी लावायला घेतली. त्याच म्हणाल्या, "पहिली ओळ जमती गं. दुसरीत माझंच नाव, सुभद्रा, घ्यायला गेलं की जीभच अडती. आत्याबाईंनी कसं केलं असंल, भरल्या हॉलात?"

"म्हणा ना माझ्यासमोर," मी म्हणाले.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली, हात पुसले.

"आधी दार लाव."