कैलासचे स्पीकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही.

वाळूजच्या कारखान्यात मी अधिकारी, कैलास फिटर. सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आम्हा दोघांना जोडणारी गोष्ट एकच — गाणं ऐकायचा नाद. माझा नाद महागडा. परदेशातून मागवलेला ॲम्प्लिफायर, बोटाएवढ्या जाड तारा, स्पीकरखाली ग्रॅनाइटच्या लाद्या. दर दोन महिन्यांनी काहीतरी बदलायचं आणि आता आवाज मोकळा झाला असं स्वतःलाच पटवायचं. खरंच होत होता का? कुणास ठाऊक.

कैलासनं वर्षभर खपून स्पीकरची जोडी स्वतः बनवली. जुन्या सागवानी दाराच्या फळ्या, भंगारातून निवडलेला माल. नोकरी सोडून हाच धंदा करायचं त्याच्या मनात होतं. जोडी माझ्याकडं आणून ठेवली.

"साहेब, आठ दिवस ऐका. तुमचा कान लई तयार. तुमी व्हय म्हणलं की राजीनामा देतो."

मी लावले. आणि — कसं सांगू? — गाणारी बाई समोर येऊन बसली. बायको ओल्या हातानं स्वयंपाकघरातून आली आणि गाणं संपेपर्यंत दारात उभी राहिली. माझ्या कुठल्याही खरेदीसाठी ती अशी कधी थांबली नव्हती.

हेवा म्हणू? तो शब्द फार सभ्य आहे. एका फिटरनं दाराच्या फळ्यांतून हे काढावं, हे मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी बायको भाजीला गेली, तेव्हा मी एक पेटी उघडली. आतल्या दोन्ही तारा काळ्याच होत्या, अदलाबदल केली तरी दिसणार नव्हती. कथिलाचा डाग वितळवून मी त्या उलट जोडल्या. पाच मिनिटांचं काम. मग एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. खर्ज नाहीसा होतो, गळा पोकळ लागतो. हे सगळं मला माहीत होतं — म्हणूनच केलं.

रविवारी कैलास आला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"घरी तर असं वाजत नव्हतं, साहेब."

"भारी ॲम्प दोष लपवत नाही, कैलास."

तो बराच वेळ पेटीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलं. नायतर लेकरायचं वाटोळं केलं असतं."

घरी नेल्यावरही ते तसेच वाजले. त्याला वाटलं, दोष आधीपासूनच होता, साहेबांमुळं आता ऐकू यायला लागला. त्यानं आतला कापूस बदलला, फळ्या पुन्हा आवळल्या. तारांवर शंका घेतली नाही — त्या त्यानं स्वतःच्या हातानं जोडल्या होत्या ना. शेवटी सगळं खोलून भंगारात दिलं.

तो अजून त्याच मशीनवर आहे. कामावरच्या लोकांना सांगतो, "साहेबांनी येळेवर सांगितलं म्हणून वाचलो." मी शेजारी उभा असलो तरी सांगतो.

मी ऐकून घेतो.