कोकम न लावलेला सुरण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलींना नाही — देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी हळूच ओलांडून गेले आहे. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

सुरुवात त्या मेल्या ओव्हनपासून करायला हवी. साठीच्या दशकाची अखेरची वर्षं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, ह्यांना तिथे काम लागलं, म्हणून आम्ही साताऱ्याकडचं बिऱ्हाड हलवून सालवडला चाळीत आलो — मी, हे आणि सासूबाई. हट्ट करकरून मी एक पत्र्याचा ओव्हन आणवला. स्टोव्हवर ठेवायची पेटीच ती. आणि चाळभर सांगत सुटले, आता कढईभर तेल नको, आमच्याकडे रताळ्या-सुरणाच्या काड्या भाजून कुरकुरीत होतात. कशाला एवढी मिजास? पण केली. वर एकादशीला सगळ्या बायकांना फराळाला बोलावून बसले.

रताळ्याच्या काड्या बाहेरून करपल्या, आत कच्च्या. राहिला सुरण. तो काशीकडून घेतलेला. काशी डोंगरातल्या पाड्यावरून कंदांची टोपली घेऊन दारावर यायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्या टोपलीवरच तिचं घर चालायचं. "कोकमाच्या पान्यात ठेव बाय, मंग खाजणार नाय," असं सांगून तिने मूठभर कोकमंही वर दिली होती.

कोकमाच्या पाण्यातल्या काड्या ओव्हनमध्ये नुसत्या घामेजल्या. लालसर, लिबलिबीत. माझं डोकंच फिरलं. बायका यायची वेळ झालेली, आणि मी त्या पेटीपुढे रडकुंडीला आलेली. मग दुसऱ्या खेपेला मी — कोकम लावलंच नाही. काड्या कोरड्या पुसल्या, तेलाचा हात फिरवला, भाजल्या. काय सुरेख झाल्या म्हणून सांगू. बायकांनी मागून मागून घेतल्या.

आणि मग एकेकीचा हात गळ्याकडे जायला लागला. सासूबाईंची तर जीभ सुजली, पाणी गिळवेना. तशातही त्यांनी विचारलं, "कोकम लावलं होतंस ना गं?"

तेव्हा खरं बोलले असते तर काय झालं असतं? चार बायका हसल्या असत्या, एवढंच.

"लावलं होतं की," मी म्हटलं. "त्या काशीनेच रानातला खाजरा सुरण गळ्यात मारलाय."

पुढच्या खेपेला काशी आली, तर चाळीतल्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. तिने टोपली खाली ठेवली आणि एकट्या माझ्याकडे पाहिलं. "माज्या परसातला हाय तो बाय, रानातला नाय. उरला असंल तं दे. तुमच्यासमोर कोकम घालून उकडते, न् मीच खाते."

उरला होता. चांगला अर्धा गड्डा स्टोव्हमागे गोणपाटाखाली होता. तो शिजला असता तर माझं बिंग फुटलं असतं.

"संपला," मी म्हटलं.

 ती टोपली उचलून गेली. त्यानंतर चाळीतल्या एकाही घराने तिच्याकडून काही घेतलं नाही. काही दिवस ती रस्त्यावरून हाक देत जायची, आमच्या दाराकडे न बघता. मग तेही थांबलं. तिचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. पाडा काही लांब नव्हता हो. चालत जाता आलं असतं.

तो अर्धा गड्डा मी कुणी बघू नये म्हणून मागच्या कुंपणाशी पुरून टाकला. पावसाळ्यात तो उगवला — चांगला छत्रीएवढा पसरला. सासूबाईंना वाटलं, आपोआप आला. त्यांनी त्याला राख घातली, माती लावली. दिवाळीनंतर पानं वाळली तेव्हा स्वतः खणून काढला, कोकम घालून स्वतःच भाजी केली. कुणाच्या घशाला काही झालं नाही.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "घरचा सुरण कसा लोण्यासारखा आहे. त्या काशीने फसवलंच होतं आपल्याला."

मी हो म्हटलं. आणि ताटात आणखी भाजी वाढून घेतली.